खांद्याच्या हाडाखाली दोन बोटं

नंदनवनातल्या माझ्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती शकुंतला काकूंच्या अंगणात उघडायची. एक पलंग, एक लोखंडी कपाट, भिंतीत ठोकलेले चार खिळे आणि कोपऱ्यात गावाहून आणलेली पेटी, एवढाच माझा संसार. पवनीच्या पलीकडे आमचं गाव. तिथली मी, नर्सिंग पूर्ण करून नागपुरात आले आणि रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात चिकटले. वय एकवीस. एवढ्या मोठ्या शहरात मला नावानं ओळखणारी माणसं दोनच होती. एक दवाखान्यातल्या मेश्राम सिस्टर, आणि दुसऱ्या ह्या घरमालकीण काकू. घरी फोन लावला की आई आधी विचारायची, जेवली का, आणि मागून बाबा ओरडायचे, नेटवर्क जाते, लवकर बोल. लवकर बोलून संपवण्यासारखं माझ्याजवळ काही नसायचं. मग मी जेवले म्हणून सांगायची आणि फोन ठेवून द्यायची.

काकू साठीच्या पुढच्या, एकट्याच. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, त्याचा फोन रविवारी यायचा. त्या ब्लाउज शिवायच्या. नुसत्या शिवायच्या म्हटलं तर त्यांना राग आला असता, कारण त्यांच्या हातच्या ब्लाउजसाठी बायका पार जरीपटक्याहून दोन बस बदलून यायच्या. काकूंची खासियत बाहीत होती. त्यांची बाही दंडाला अशी बसायची की चुणी नाही, झोल नाही, आणि वर काकूंचं ठरलेलं वाक्य, ‘माह्या बाहीत बोट घालून दाखव.’ खरंच बोट जायचं नाही. त्यांची पायमशीन माझ्या भिंतीला लागून होती. सकाळी मी डोळे उघडायच्या आधी ती सुरू झालेली असायची आणि संध्याकाळी परत आले तरी चालूच. मधूनच थांबायची, तेव्हा काकू सुईत दोरा ओवत असणार, असं मी पलीकडून ओळखायची. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी काकू कुठं लग्नाबिग्नाला गेल्या तर मी उगाचच बाहेर भटकून यायची.

पहिला महिनाभर मी खोलीतच गॅसवर खिचडी करून खाल्ली. रोज खिचडी. एक दिवस काकू दारात उभ्या राहिल्या आणि पातेल्यात डोकावून म्हणाल्या, ‘काहून वं, बिमार आहे का तू?’ मी नाही म्हटलं. ‘मग बिमारासारखं काहून खाऊन राहिली?’ त्या दिवशी त्यांनी गोळाभात केला होता. हरभऱ्याच्या डाळीचे तिखट गोळे, मोकळा भात, आणि वरून मोहरी-हिंगाची कढत फोडणी, ती ताटात पडताना चर्र वाजायची. मी किती खाल्लं ते सांगायची लाज वाटते. तेव्हापासून रात्रीचं जेवण काकूंकडे, असं न बोलता ठरून गेलं. भाडं मी देत होते, जेवणाचं त्यांनी कधी काढू दिलं नाही. जेवताना त्या गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या आणि मी दवाखान्यातल्या गमती सांगायची. तरीही खोलीत परत येऊन दार लावलं की एकटं वाटायचंच. एकटेपणा जेवणानं जात नाही, थोडा वेळ बाजूला बसतो, एवढंच. आता माझ्या घरात माणसांची वर्दळ असते, पोरं टीव्हीचा आवाज कमी करत नाहीत म्हणून मी ओरडते, पण त्या खोलीतलं ते दार लावणं मला अजून आठवतं आणि अजून बरं वाटत नाही.

दवाखान्यात माझं काम म्हणजे इंजेक्शनं, ड्रेसिंग, बीपी. दसरा झाला की डॉक्टरसाहेब फ्लूच्या लसीचं शिबिर लावायचे. नागपूरचं ऊन उतरून हवा पालटली की म्हातारी माणसं खोकायला लागतात, त्याच्या आधी लस टोचलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. तीन रविवार, दवाखान्याच्या बाहेरच्या हॉलमध्ये, खुर्च्यांच्या रांगा लावून. त्या वर्षी मेश्राम सिस्टर सुनेच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या, त्यामुळे लस टोचायचं काम माझ्यावर आणि आणखी एका नव्या मुलीवर आलं. मला भारी अभिमान वाटला. पुस्तकात वाचलेलं सगळं पाठ होतं. फ्रीजमधून एका वेळी लागेल तेवढीच लस काढायची, सुई एकदा वापरली की झाकण परत लावायच्या भानगडीत न पडता सरळ डब्यात टाकायची, टोचून झाल्यावर माणसाला पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर बसवून ठेवायचं. आणि जागा. खांद्याच्या टोकाचं हाड चाचपायचं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडायची, आणि दंडाच्या जाड स्नायूच्या मधोमध सुई सरळ आत घालायची. परीक्षेत मी त्याची आकृती काढली होती आणि मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

पण आकृतीतल्या माणसानं ब्लाउज घातलेला नव्हता. हॉलमध्ये बायका यायच्या त्या नीट नेसून, घट्ट बाहीच्या ब्लाउजात, आणि ती बाही कोपरापासून वर सरकवायची म्हटलं तर चार बोटांच्या पुढे जायची नाही. हुक काढा म्हणावं तर समोर खुर्च्यांवर पुरुष बसलेले, पडदा नाही. पहिल्याच रविवारी एक आजी माझ्यासमोर रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, ‘बाई, मले नको ती लस, मी जाते घरी.’ तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी त्यांचा पदर सावरून धरला, ब्लाउजचा गळा खांद्यावरून हलकेच बाजूला ओढला, खांद्याचा वरचा भाग उघडा पडला, आणि त्या काय होतंय म्हणेपर्यंत मी टोचून मोकळी झाले. आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला. दुपारपर्यंत माझ्या रांगेत बायकाच बायका. ती दुसरी मुलगी हुक काढायला सांगते, ही नाही सांगत, असं त्यांनी एकमेकींना सांगितलं होतं. कुणाला मी हवी होते, ही गोष्ट मला नागपुरात नवीनच होती. मी उभ्या उभ्या, भराभर, हसत टोचत राहिले. दोन बोटं मोजायला गळ्याच्या त्या फटीत जागाच नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. लक्षात आलं होतं, पण थोडंसं वर टोचलं तर काय बिघडतं, असं मी स्वतःशी म्हटलं.

दुसऱ्या रविवारी काकू आल्या. मीच आठवडाभर त्यांच्या मागे लागले होते. त्यांना दरवर्षी थंडीत खोकला धरायचा. मला त्यांची काळजी होती हे खरं, आणि मी पांढऱ्या कपड्यात कशी दिसते, लोक मला कसं सिस्टर सिस्टर करतात, हे त्यांनी बघावं असंही मला वाटत होतं. त्या स्वतः शिवलेल्या जांभळ्या ब्लाउजात आल्या होत्या. बाही बघून मीच हसले. ‘काकू, ह्याच्यात सुई पण जायची नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मग तूच पाहा कुठून घालतं ते.’ शिवणारा हात उजवा, तो मोकळा राहू दे, असं मीच ठरवलं, त्यांना विचारलं नाही. डाव्या खांद्यावरचा गळा ओढला आणि टोचलं. काकू जरा दचकल्या. ‘हाडालेच लागलं का वं?’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘नाही हो काकू, तुम्ही अंग आखडून बसल्या म्हणून.’

त्या रात्री त्यांचा खांदा दुखायला लागला. सुई टोचली म्हणजे एक-दोन दिवस दुखणारच, हे मी शंभर लोकांना सांगत होते, तेच त्यांनाही सांगितलं आणि एक गोळी दिली. पण दोन दिवसांचे चार झाले आणि चाराचे दहा. हात खांद्याच्या वर जाईना. अंबाडा घालायला हात मागे नेला की खांद्यातून कळ निघायची. आणि तेव्हा मला कळलं की शिवणारा हात उजवा असतो असं समजणारीला शिवणातलं काहीच कळत नाही. उजवा हात चाकाला आणि कात्रीला, पण कापड सुईखाली वळवून, दाबून, ताणून धरतो तो डावा. गोल बाही बसवताना सगळं काम डाव्याचं. दिवाळी तोंडावर आलेली, त्यानंतर लगेच लग्नं, आणि टेबलावर ब्लाउजपिसांचा ढीग. काकू मशीनवर बसायच्या, चार टाके घालायच्या आणि थांबायच्या. मी भिंतीपलीकडे पुन्हा आवाज येण्याची वाट बघायची, तो यायचा नाही. जरीपटक्याच्या बायका येऊन आपापली कापडं परत घेऊन गेल्या. काकू त्यांना दारातूनच पिशव्या द्यायच्या, आत या म्हणायच्या नाहीत. गल्लीतल्या डॉक्टरनं सांगितलं, वयानं खांदा आखडतो, शेक घ्या. त्या तिळाचं तेल गरम करून शेक घ्यायच्या आणि जमेल तेवढा स्वयंपाक एका हातानं करायच्या. भाकरी थापणं बंद झालं. मी करते म्हटलं तर म्हणायच्या, ‘दिवसभर लोकायची सेवा करून येतं, आता बस.’

एका संध्याकाळी मी गेटातून आत येत होते तेव्हा समोरच्या गिरडकर बाई काकूंच्या ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहून आवाज कमी करावा एवढंही त्यांना वाटलं नाही. ‘मी म्हणते ना, त्या सुईपासूनच झालं. काल-परवाच्या पोरी ह्या, काय समजते त्याईले?’ काकू ताडकन म्हणाल्या, ‘माह्या पोरीबद्दल बोलू नका बाई. तिचा हात इतका हलका आहे का माणसाले समजत पण नाही. वय झालं माहं, त्याले ती काय करन?’ माही पोरगी. मी चप्पल काढायच्या निमित्तानं तिथंच वाकून राहिले. नागपुरात मला कुणी आपली म्हटलं ती ही पहिली वेळ. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी तोंडही न दाखवता खोलीत पळाले. त्या रात्री मला खूप छान झोप लागली, हे मी लिहून ठेवते, कारण ते लपवण्यासारखं आहे.

पुढच्याच रविवारी मेश्राम सिस्टर रजेवरून परत आल्या. शिबिराला मध्ये दिवाळीचा खंड पडला होता, त्यामुळे तिसरा रविवार लांबला होता. माझ्यासमोर एक बाई बसल्या होत्या. मी नेहमीसारखा गळा ओढला, सुई उचलली, आणि मागून येऊन कुणीतरी माझं मनगट धरलं. ‘हे काय करून राहिली तू?’ सिस्टर म्हणाल्या. आवाज अगदी हळू, पण पकड घट्ट. त्यांनी त्या बाईंना हसून पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि मला आत नेलं. माझंच बोट धरून माझ्याच खांद्यावर टेकवलं. ‘हे हाड. ह्याच्या खाली हा सांधा आहे. इतक्या वर टोचशील तर लस मांसात नाही, सांध्यात जाते. आतून सूज येते. महिनोन्‌महिने हात उचलता येत नाही माणसाले. आणि उभ्यानं काहून टोचतं? बसून टोच, मग तुहा हात आपोआप खाली येतो. अशा किती जणींले टोचलं?’  माझ्या डोळ्यांसमोर अंबाडा घालायला मागे न जाणारा एकच हात होता.

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी दवाखान्यातल्या दोन चादरी घेतल्या, दोरी बांधली, हॉलच्या कोपऱ्यात आडोसा केला आणि मला म्हणाल्या, ‘हुक काढायला लाव, बाही उतरवायला लाव, पदर पांघरू दे. उशीर होते तर होऊ दे.’ डॉक्टरसाहेबांना त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी माझ्या रांगेतल्या सगळ्या बायकांना फोन लावले. बहुतेक ठीक होत्या, एकीचा खांदा आठवडाभर दुखत राहिला होता. त्या रडकुंडीला आलेल्या आजी फोनवर म्हणाल्या, ‘तूच ना वं ती, चांगली पोरगी?’ यादीतलं एकच नाव मी सिस्टरना म्हटलं, हिला मी घरीच सांगते.

आणि सांगितलं नाही. नऊ दिवस. रोज ठरवायची, आज जेवताना. रोज काकू एका हातानं वरण वाढायच्या आणि मी मान खाली घालून जेवायची. हात दुखतो म्हणाल्या की मी म्हणायची, मोठ्या डॉक्टरला दाखवू या, आणि का, ते म्हणायची नाही. मला नोकरीची भीती नव्हती, डॉक्टरसाहेबांनी मला काढलं नव्हतं. मला भीती होती ती ओट्यावर ऐकलेल्या त्या दोन शब्दांची. सांगितलं की ते जातील. ह्या शहरात माझ्याजवळ तेवढंच होतं, आणि ते खोट्यावर उभं आहे हे मला एकटीलाच माहीत होतं. इतकी एकटी मी त्या आधी कधी नव्हते, खिचडीच्या दिवसांतसुद्धा नाही. समोर माणूस बसलेलं असताना एकटं असणं फार वाईट असतं, आणि ह्या वेळी ते मी स्वतःच्या हातानं केलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी, मंगळवार होता, काकू अंगणात ऊन खात बसल्या होत्या. पुढ्यात संत्र्यांची टोपली. एका हातानं त्यांना संत्रं सोलता येत नव्हतं. डाव्या हातानं धरायचं म्हटलं तरी तो मांडीवरून वर उचलावा लागायचा. त्यांनी संत्रं गुडघ्यांमध्ये धरलं आणि ते निसटून पार तुळशीपर्यंत घरंगळत गेलं. त्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी ते उचलून आणलं, त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, ‘काकू, तुमचा हात वयानं नाही झाला. माझ्यामुळे झाला. मी चुकीच्या जागी टोचलं. बाही घट्ट होती, मी गळ्यातून टोचलं, सांध्यात गेलं. मेश्राम सिस्टरनं मला सांगितलं.’ एका दमात बोलले. मग थांबले.

काकूंनी डावा हात उजव्यानं धरून मांडीवर नीट ठेवला. मग विचारलं, ‘कधी सांगितलं सिस्टरनं?’

‘नऊ दिवस झाले.’

‘नऊ दिवस.’ त्यांनी माझ्या हातातलं संत्रं घेतलं आणि टोपलीत ठेवलं. ‘चूक कोणाच्या हातून होत नाही, माह्याही कैचीनं लोकायचे कपडे फाटले. पण मी त्याच दिवशी सांगत होती. नऊ दिवस तू समोर बसून जेवली, पोरी? मी त्या गिरडकरणीसंग तुह्यासाठी भांडली.’ त्यांनी टोपली बाजूला सारली. रागानं की कशानं, मला कळलं नाही. ‘जा आता. मले बोलायचं नाही.’

मी खोलीत गेले. रात्री सामान बांधायला घेतलं, पण काकूंनी जा म्हटलं ते अंगणातून की घरातून, हे विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून तसंच ठेवलं. गुरुवारी मी सुट्टी काढली आणि दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, हाडांच्या डॉक्टरकडे चला. त्या आल्या, पण रिक्षात पिशवी आमच्या दोघींच्या मधे ठेवून बसल्या. डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं, सुईची जागा बोटानं दाखवली. त्यांनी सांध्यातली सूज दाखवली, औषधं दिली, व्यायाम शिकवले. पुढे सहा-सात महिने रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी मी काकूंचा हात धरून तो वर, बाजूला, मागे नेत होते. त्या डोळे मिटून बसायच्या. कळ आली की ‘हं’ म्हणायच्या, मी थांबायची. हात हळूहळू सुटला. उन्हाळ्यात त्यांनी पहिला ब्लाउज पुरा केला. पण रात्रीचं जेवण पुन्हा सुरू झालं नाही. मीही खिचडीवर परत गेले. माझ्याशी बोलताना त्या आता ‘सिस्टर’ म्हणायच्या. सिस्टर, उद्या पाणी येणार नाही. सिस्टर, तुमचं पार्सल आलं. तुमचं. मी त्याला काही म्हणू शकत नव्हते. शिक्षा बरोबर होती, पण रोजची होती.

दसऱ्यानंतर पुन्हा शिबिर लागलं. आता पक्का हिरवा पडदा होता आणि पडद्यामागे दोन स्टुलं, एक लस घेणारीसाठी, एक माझ्यासाठी. मी कुणालाही उभ्यानं टोचत नव्हते. पहिल्याच रविवारी अकराच्या सुमारास पडदा बाजूला झाला आणि काकू आत आल्या. दुसऱ्या मुलीची रांग रिकामी होती, हे मला दिसत होतं. त्या स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. मी फॉर्म पुढे ओढला आणि सगळ्यांना विचारते तेच विचारायला लागले. नाव, वय. आज ताप आहे का. अंड्याची, कुठल्या औषधाची अॅलर्जी. रक्त पातळ व्हायची गोळी. त्या नाही, नाही म्हणत गेल्या. पुढचा प्रश्न छापील होता. माझा पेन त्याच्यावर थांबला. तो गाळता आला असता, काकूंना वाचायला चष्मा लागायचा आणि त्यांनी तो लावलेला नव्हता.

‘ह्याच्या आधी,’ मी विचारलं, ‘लस घेतल्यावर कधी काही त्रास झाला होता का?’

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. खूप महिन्यांनी त्या माझ्याकडे अशा सरळ बघत होत्या.

‘झाला होता,’ त्या म्हणाल्या. ‘लिही.’

मी लिहिलं. डावा खांदा, सुई चुकीच्या जागी, सात महिने. आणि टोचणाऱ्याच्या नावासाठी फॉर्मवर जागा नव्हती तरी समासात माझं नाव लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं. मग हुक काढले, पदर पांघरला आणि धडधाकट, उजवा हात बाहीतून बाहेर काढून माझ्या पुढ्यात ठेवला.